किंगस्नेक सतत हाताला चावतोय? आधी स्वतःचा हात हुंगून बघा

आमच्या घरात कॅलिफोर्निया किंगस्नेक जातीचा एक पाळीव साप आहे. नर, तीन वर्षं उलटलेला, लांबी साडेतीन फूट, काळ्या अंगावर पांढरे पट्टे, पूर्ण बिनविषारी. नाव मण्या. हे नाव माझ्या आईमुळे पडलं. ती सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे डॅलसला आली, लेकाच्या खोलीत डोकावली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "अगं, मण्यार आहे ती! पोराच्या उशाशी मण्यार ठेवलीस?" तिचं काही चुकलं नव्हतं. शिराळ्याच्या बाजूला जन्म गेलेल्या बाईला काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे दिसल्यावर दुसरं काय आठवणार? मण्यार नव्हे ही समजूत चार दिवसांनी पटली, नाव मात्र चिकटलं.

तर हा मण्या चावतो. पिल्लू असताना चावायचा, ते आम्ही धरून चाललो होतो. मग सातआठ महिने शहाण्यासारखा वागला. दीड वर्षाचा झाला आणि पुन्हा सुरू झालं: त्याच्या काचेच्या टँकचं झाकण उघडलं की चावा, हातावर निवांत फिरता फिरता मध्येच चावा. नवरा म्हणाला, "याचा स्वभावच बिघडलाय, देऊन टाकू." लेक म्हणाला, "आई, तो आपल्यावर रागावलाय का?" आई म्हणाली, "डूख धरलाय त्याने. शेपटीवर पाय दिला असेल कुणीतरी."

डूख धरण्याचं आधी मिटवून टाकते, कारण मराठी माणसाच्या डोक्यातून ते निघत नाही तोवर पुढचं काही शिरत नाही. अमक्याने मला दुखावलं, त्याला गाठून चावतो, असा हिशेब सापाच्या मेंदूत मांडला जात नाही. हा हात आला की अन्न येतं, हा हात आला की धोका येतो, एवढ्या जोड्या तो नक्की लावतो. आमच्याकडे नेमका तोच घोळ झाला होता, आणि तो घालणारे आम्हीच होतो.

हे कळलं ते एका शाळेच्या वहीमुळे. तिसऱ्या चाव्यानंतर मी लेकाला वही दिली आणि सांगितलं की प्रत्येक चावा लिहायचा. तारीख, वेळ, शेवटचं जेवण कधी, कात जवळ आलीय का, कुणाचा हात, हाताला काय लागलं होतं, लगेच सोडलं की धरून ठेवलं. चौदा महिन्यांत नऊ चावे भरले. नऊपैकी सात वेळा त्याने धरून ठेवलं होतं. हा आकडा बघितल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तुमच्याकडेही हाच त्रास असेल तर इतर कशाच्याही आधी एवढंच बघा: साप चावून सोडतो, की चावून चघळत बसतो?

घाबरलेल्या सापाचा चावा वेगळा दिसतो. मान नागमोडी आखडून मागे घेतलेली असते, शेपटीचं टोक थरथरत असतं. खाली लाकडाचा भुसा असेल तर ती शेपटी थेट खुळखुळ्यासारखी वाजते आणि नवख्या माणसाला तो रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी वाजवणारा अमेरिकेतला विषारी सापच वाटतो. मग फटका येतो, दात टेकतात आणि क्षणात तोंड मागे जातं. सोबत मागून एक घाणेरडा द्रव सोडतो, त्याचा वास साबणाच्या दोन हातांनीही जात नाही. गावाकडे विहिरीतला दिवड ज्यांनी पोरवयात धरलाय त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. हा चावा म्हणजे 'लांब हो' एवढंच.

भुकेचा चावा याच्या अगदी उलट, आणि किंगस्नेकची खरी ओळख तीच. आमच्या वहीतला सहावा चावा सांगते, कारण तो मी इतक्या जवळून पाहिला की अजून डोळ्यांसमोर आहे. मण्या माझ्या डाव्या तळव्यावर होता. मान सैल, शेपटी शांत, आखडणं वगैरे काही नाही. जीभ मात्र भराभर आत-बाहेर होऊ लागली. तो तळव्यावरून अंगठ्याच्या बेचक्यात आला आणि तिथे नाक दाबून दोनतीन सेकंद थांबला. मग सावकाश, अगदी दात न आलेलं बाळ बिस्किट तोंडात घेतं तसं, त्याने तोंड उघडलं आणि बेचक्यातली कातडी धरली. फटका नाही, झेप नाही. आधी फक्त दाब जाणवला, मग बारीक टोचणी. मग एकदा डाव्या जबड्याने पुढे, एकदा उजव्या जबड्याने पुढे, असं त्याचं चघळणं सुरू झालं, आणि मागून अंग येऊन मनगटाला दोन वेढे पडले. माझ्या हाताचा शेवट कुठे आहे आणि तो गिळायला कुठून सुरुवात करावी, याचा तो शांतपणे शोध घेत होता. यात राग कुठे आहे?

त्या दिवशी दुपारी मी चिकन साफ केलं होतं. हात धुतले होते. पण बेचक्यात आणि नखांत वास राहतो. तुम्हाला नाही येत, त्याला येतो. सापाची जीभ हवेतले कण उचलते आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवते. किंगस्नेकचं जग बरंचसं तिथेच ठरतं. पुष्कळ जण सांगतात की हात गरम असतो म्हणून साप चावतो. अजगर किंवा रॅटलस्नेकबद्दल ते एकवेळ खरं, कारण त्यांना उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. किंगस्नेकला त्या नसतात. तो वास घेतो आणि हालचाल बघतो. म्हणून वहीतले आणखी दोन चावे नंतर लगेच उलगडले: दोन्ही वेळी लेक शेजारच्या मित्राचा हॅम्स्टर हाताळून आला होता.

त्याच्या खाण्याची यादी बघितली तर हा घोळ का होतो ते समजतं. रानातला किंगस्नेक उंदीर खातो, सरडे खातो, पक्षी आणि त्यांची अंडी खातो, आणि दुसरे साप खातो. आपल्या राजनागाच्या इंग्रजी नावात 'किंग' जसा साप खाण्यामुळे आला तसाच याच्याही. दोघांचं नातं मात्र लांबचं आहे; हा नाग नव्हे आणि याला विष नाही. रॅटलस्नेकचं विष त्याच्या रक्तात बऱ्याच अंशी निष्प्रभ होतं. नुसता वास आला तरी रॅटलस्नेक दंश करायच्या भानगडीत न पडता शरीराची मधली कमान उचलून त्याला ढकलायचा प्रयत्न करतो. 2017 मध्ये डेव्हिड पेनिंग आणि ब्रॅड मून यांनी जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायोलॉजीत मोजमापं मांडली होती, त्यात किंगस्नेकच्या विळख्याचा दाब त्याच्याएवढ्याच रॅटस्नेक या बिनविषारी, उंदीरखाऊ सापापेक्षा बराच जास्त भरला. असा प्राणी 'हे खाण्यासारखं आहे का' हा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारतो आणि उत्तर तोंडाने तपासतो. ज्यांनी आधी कॉर्नस्नेक पाळलाय त्यांना हा फार चावरा वाटतो तो त्यामुळे. चावरा कसला, खादाड आहे.

आता चावा लागल्यावर काय करायचं. हात ओढायचा नाही, हे पहिलं. दात आतल्या बाजूला वळलेले असतात. ओढलं की आपली कातडी फाटते आणि त्याचे दात तुटून आत राहतात, वर त्याच्या जबड्यालाही इजा होते. आम्ही हात सरळ बेसिनखाली नेतो आणि गार पाण्याची धार त्याच्या तोंडावर धरतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर सुटतो. नाही सुटला तर अल्कोहोलवाल्या सॅनिटायझरचा एक थेंब तोंडाच्या कोपऱ्याशी लावायचा, घशात ओतायचा नाही. वेढे सोडवायचे ते शेपटीकडून. डोक्याकडून सुरू केलंत तर तो आणखी आवळतो. जखम म्हणजे टाचण्यांनी टोचल्यासारखे ठिपक्यांचे अर्धगोल. रक्त दिसतं त्या मानाने दुखत नाही. साबणाने नीट धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते बघा, दुसऱ्या दिवशी सूज किंवा लाली वाढली तर डॉक्टरकडे जा. चावो न चावो, साप हाताळल्यावर हात धुवायचेच, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर त्याच्या हातात साप देऊच नका. इथले आरोग्य अधिकारीही तेच सांगतात.

हे झालं प्रथमोपचाराचं. मूळ दुखणं आमच्याकडे तीन ठिकाणी निघालं.

सगळ्यात मोठं म्हणजे झाकण. आम्ही दोघंही नोकरीला जातो, त्यामुळे टँकचं झाकण दहा दिवसांत एकदाच उघडायचं, आणि ते उंदीर द्यायला. लेकाची परीक्षा, मग सुट्टी, मग माझं कामाचं प्रकरण, असं करत हातात घेणं जवळपास थांबलं होतं. म्हणजे आम्हीच त्याला शिकवलं की वरून उजेड आला की जेवण. मग एखाद्या रविवारी हौसेने हात घातला की तो जेवायलाच यायचा. यावर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एक्स्पोमधल्या (प्रदर्शनातल्या) एका गृहस्थांनी सल्ला दिला की वेगळ्या डब्यात नेऊन खायला घाला, म्हणजे टँकचा आणि जेवणाचा संबंध तुटेल. ऐकायला बरोबर वाटतं. आम्ही दोन महिने केलं आणि वहीतला सगळ्यात वाईट चावा त्यातच मिळाला, जाताना नव्हे, परत ठेवताना. उंदीर गिळून झालेला, अंगाला वास लागलेला, भूक अजून चढलेली, अशा सापाला उचलायचं म्हणजे पंगतीतून माणूस उठवायचा. काही लोकांना हे जमतं असं दिसतं. मी परत करणार नाही.

त्याऐवजी आम्ही टँकमध्येच खायला देतो, पण हाताने कधीच नाही. फूटभर लांब चिमट्याने. आणि जेवणाचा दिवस नसताना झाकण उघडायचं तर आधी सापाचा आकडा, म्हणजे साप उचलायची टोकाला वळलेली लोखंडी काठी, आत जाते. आकड्याच्या वळलेल्या बाजूने त्याच्या मानेमागे, अंगाच्या पुढच्या भागावर हलकेच दोनदा घासायचं. डिवचायचं नाही, हे लेकाला चारदा सांगावं लागलं. थंड लोखंडाचा स्पर्श म्हणजे आज जेवण नाही. पहिल्या दोनतीन आठवड्यांत तो आकड्यालाच चावला, चावू दिला. नंतर स्पर्श झाला की जिभेचा वेग उतरलेला स्पष्ट दिसायला लागला. मग आकड्यानेच अर्धं अंग उचलायचं आणि खालून हात द्यायचा, कधीही समोरून किंवा वरून नाही. वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या लेखी ससाणा.

सोबत झाकण नुसतं उघडण्याचा रतीब सुरू केला. रोज एकदा उघडायचं, पाणी बघायचं, बंद करायचं. बाकी काही नाही.

दुसरं दुखणं म्हणजे उपासमार, आणि हे कबूल करायला मला लाज वाटते. दीड वर्षाचा होता, झपाट्याने वाढत होता, आणि आम्ही त्याला अजून लहानपणीच्या मापाचे उंदीर दर दहा दिवसांनी देत होतो. त्या मापाच्या उंदरांची पाकिटं आधीच घेऊन ठेवली होती ना! साधा हिशेब असा की उंदीर सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाइतका किंवा किंचित जास्त जाड असावा. वाढत्या सापाला पाचसात दिवसांनी, पूर्ण वाढलेल्याला साधारण दहा ते चौदा दिवसांनी. गोठवलेलाच द्यावा, पूर्ण वितळवून, कोमट करून. जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करू शकतो, आणि झटापटीचा खेळ बघायचा असेल तर दुसरा छंद शोधा. माप वाढवल्यावर महिन्याभरात फरक पडला. मात्र याचं दुसरं टोकही आहे: किंगस्नेक कधीच पुरे म्हणत नाही, म्हणून मागेल तितकं घातलं तर तो लठ्ठ होईल आणि चावायचा तेवढा चावेलच. (गोठवलेले उंदीर फ्रीजमध्ये पुरणपोळ्यांच्या शेजारी दिसल्यावर आमच्याकडे जे झालं ते लिहीत नाही. गॅरेजमध्ये आता वेगळा छोटा फ्रीजर आहे.)

तिसरं, उष्णता. काचेला चिकटवलेला काटेवाला थर्मामीटर 85 दाखवायचा आणि आम्ही निर्धास्त. प्रोबवाला, म्हणजे वायरच्या टोकाने तापमान मोजणारा डिजिटल आणून भुशाखाली, टँक खालून तापवणाऱ्या हीट मॅटच्या वर ठेवला तर आकडा 101 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सियसच्या वर. थर्मोस्टॅटची वायर साफसफाईत निघाली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. किंगस्नेकला गरम बाजू 85 ते 88 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 29 ते 31 सेल्सियस, आणि गार बाजू 70 ते 75, म्हणजे 21 ते 24 पुरते. पोळणारा साप दिवसभर काचेवर नाक घासत फिरतो. आम्हाला वाटायचं, किती उत्साही आहे! लपायला दोन्ही बाजूंना एकेक अंधारी, अंगाला घासेल इतकी अडचणीची जागा हवी. आमच्याकडे एकच होती, तीही गरम बाजूला. म्हणजे त्याने एक तर भाजून घ्यायचं नाही तर उघड्यावर बसायचं.

उरलेले दोन चावे भीतीचे होते आणि दोन्ही कातीच्या वेळचे. कात टाकायच्या आधी आठवडाभर डोळे दुधी निळसर होतात, दिसत कमी असतं. तेव्हा त्याला हात लावायचाच नाही, डोळे परत स्वच्छ होऊन कात पडेपर्यंत. जेवण झाल्यावर दोन दिवसही नाही. एवढं पाळलं तरी पुरतं.

हे सगळं नीट असूनही एरवी शांत असलेला साप अचानक चावायला लागला, तर मात्र स्वभावावर बोट ठेवू नका. खवल्यांत काळे ठिपके सरकतात का, म्हणजे गोचीडवजा माइट्स. पाण्याच्या भांड्यात तो तासन्तास बसून राहतो का. डोळ्यावर जुन्या कातीचा पापुद्रा अडकलाय का. तोंडाशी फेस, हिरड्यांना सूज आहे का. यातलं काही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर गाठा. आम्ही पहिल्यांदा जिथे गेलो तिथल्या डॉक्टरांनी सापाला हातही न लावता बिल दिलं, तेव्हा फोनवर आधी विचारून घ्या. आणि पिल्लू घेतलं असेल तर धीर धरा. फूटभर लांबीच्या जिवाला घरातलं मांजरसुद्धा यमदूत वाटतं, तो चावणारच. रोज दहा मिनिटं शांतपणे हाताळलं तर बहुतेक निवळतात. काही जन्मभर नाही निवळत. त्यांना आकड्याने उचलावं, काचेतून बघावं, एवढंच.

चावला म्हणून डोक्यावर टिचकी मारू नका. आमच्या नवऱ्याने एकदा मारली. त्यानंतर मण्या त्याच्या हाताला भीतीने चावायला बघू लागला, म्हणजे एक दुखणं होतं त्याची दोन झाली. चावल्यावर दचकून लगेच परत ठेवणंही टाळा. सोडवून घ्या, धुवा, मिनिटभर आकड्यावर धरा आणि मगच आत सोडा. नाही तर चावलं की सुटका, हीही एक जोडी त्याच्याकडे जमा होते.

आणि कंटाळून सोडून द्यायचा विचार मनात आला तर स्पेनचं ग्रॅन कॅनेरिया बेट आठवा. तिथे पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक रानात गेले, 1998 मध्ये पहिल्यांदा दिसले, आणि आज ते जिथे पसरलेत तिथून तिथला मोठा स्थानिक सरडा जवळजवळ नाहीसा झालाय. सांगलीतले भाऊ-भाचे हे वाचून धामण पाळायला निघाले असतील तर त्यांच्यासाठीही एक ओळ: आपल्याकडचा रानातला साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, बिनविषारी असला तरी.

गेल्या सहा महिन्यांत वहीत एकच नवी नोंद झालीय, आणि तिथे 'हाताला काय लागलं होतं' या रकान्यात लेकाने लिहिलंय: ऑम्लेट.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पाण्याचं भांडं उचलायला हात खाली, जमिनीलगत नेला की मण्या लपल्या जागेतून जीभ काढत येतोच, आकडा लावला तरी. त्यामुळे आता भांडं बदलायच्या आधी त्याला आकड्याने उचलून झाकणाच्या बादलीत ठेवते, झाकणाला भोकं आहेत, वर एक जाड पुस्तक ठेवते. तो आतून नाकाने झाकण ढकलत असतो आणि पुस्तक थोडं थोडं सरकत असतं, तेवढ्यात भांडं धुऊन घ्यायचं.